लाइव्ह अल्बममधले सलीमभाऊ

अख्खी दुनिया माईकमध्ये ‘हॅलो, हॅलो’ म्हणते. आमचे सलीमभाऊ माईकपुढे स्टीलचा गिलास धरून त्यावर चमचा वाजवतात. गोंडपिपरीत माझ्या स्टेशनरीच्या दुकानाला लागूनच त्यांचं साउंड सर्व्हिसचं दुकान. लग्न असो, भागवत असो की उरूस, भोंगे त्यांचेच. कोणी माईकमध्ये फुंकर मारली की धावत येतात. “फु... फुकू नका भाऊ, चूल हाय का ते?”

सलीमभाऊ लहानपणापासून बोलताना अडखळतात. चाळीस वर्षं त्यांनी हजारोंच्या हाती माईक दिला, स्वतः मात्र त्यात एक अक्षर बोलले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात गावातल्या चार पोरांनी हेवी मेटलचा बँड काढला. त्यांना लाइव्ह अल्बम करायचा होता, म्हणजे लोकांसमोर वाजवायचं आणि तिथंच रेकॉर्ड करायचं. साउंडचं आणि रेकॉर्डिंगचं काम भाऊंकडे आलं. ते सराव ऐकून आले आणि मला म्हणाले, “बों... बोंबलते लय. पण सुरात बोंबलते.”

कार्यक्रम भर दुपारी, धानाच्या पोत्यांशेजारी एका शेडमध्ये. माणसं बरीच जमली. पहिलं गाणं संपलं आणि सगळं चिडीचूप. माझ्या बाजूच्या आजीबाईंनी विचारलं, “पोराले काही झालं का?” गाणाऱ्या प्रज्वलचा चेहरा पडला. “राहू द्या भाऊ, टाळ्या मंग कंप्युटरवर चिटकवू.”

सलीमभाऊंनी हेडफोन काढला, स्टेजवर चढले आणि माईक हातात घेतला.

“मं... मंडळी,” ते म्हणाले, आणि पुढचा शब्दच येईना. कोणी हललं नाही. “पोरं मेहनत करून राह्यले. सम... समजलं नाई तरी चालते. म... मलेबी समजत नाई. आवडलं त टा... टाळी द्या. उसनी टाळी मी लावत नाई.”

पत्रे हादरतील अशी टाळी पडली. मग पोरं जी सुटली, ती शेवटपर्यंत.

भाऊंचं ते बोलणं पोरांनी अल्बममध्ये जसंच्या तसं ठेवलं. भाऊ भयंकर चिडले. “का... काढून टाका म्हणलो होतो!” दोन दिवस दुकान बंद.

तिसऱ्या दिवशी शटर अर्धं उघडलं, तोच सावली गावाहून एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. “हिनं मोबाइलवर तुमचं बोलणं ऐकलं, भाऊ. हिचंबी तसंच हाय. शाळेत तोंडच उघडत नाई. म्हणे, त्या काकाले भेटाचं.”

भाऊंनी घाईघाईनं स्टूल पुसून पुढे केलं. “ना... नाव काय तुझं, बेटा?”

“शि... शि...” मुलगी अडली. आई सांगायला गेली, तर भाऊंनी हातानंच तिला थांबवलं. दुसरं कामच नसल्यासारखे ते मुलीकडे बघत बसून राहिले.

“शिवानी.”

“वा!” भाऊ म्हणाले. “म... मले त माझं नाव सांगाले याच्याहून लय टाइम लागते.”