गाळून घेतलेली मुलगी

दरवर्षी सातवीला मिश्रणांचा धडा आला की मी वर्गातलं एक मूल पाण्यात विरघळवून दाखवते. नुसतं फळ्यावर लिहून पोरांच्या डोक्यात काही शिरत नाही. मूल घरी सांगून येतं. आदल्या दिवशी डोक्याला तेल लावायचं नाही, एवढी एकच अट. तेल पाण्यावर तरंगतं आणि फुकटचा घोळ होतो. मग ते पाणी परातीत ओतून गच्चीवर ठेवायचं. आमचं खानदेशचं ऊन! मधली सुट्टी संपेपर्यंत पाणी उडून जातं आणि मूल उठून बसतं. आजवर एकाही पालकाची तक्रार नव्हती.

यंदा हेमांगी भारंबेचा नंबर लागला आणि नेमके त्याच दिवशी फेगडे साहेब, आमचे विस्तार अधिकारी, तपासणीला आले. हेमांगी विरघळली, पण पाणी जरा गढूळ दिसत होतं. एरवी मी तिकडे ढुंकूनही बघत नाही. पण साहेबांसमोर गढूळ द्रावण कसं ठेवायचं? मला चेव चढला. नरसाळ्यात गाळण कागद बसवला आणि पोरीला गाळून घेतलं.

गच्चीवर पाणी आटत आलं तशा परातीच्या तळाशी लखलखीत कडा दिसू लागल्या. कडेला कड जुळत गेली आणि हेमांगी उभी राहिली. अगं बाई! तिच्यातून ऊन आरपार जात होतं, पलीकडची पाण्याची टाकी स्वच्छ दिसत होती. सगळ्या वर्गाच्या हातातले डबे तसेच राहिले. आमची सातवी डबा विसरलेली मी जन्मात पाहिली नव्हती. खरं सांगते, मला हात जोडावेसे वाटले.

"शुद्ध पदार्थ," फेगडे साहेब पुटपुटले. "बाळ, शुद्ध पदार्थ कसा ओळखायचा?"

"त्याचे गुणधर्म सगळीकडे सारखे असतात, सर," हेमांगी एका सुरात म्हणाली.

शाळा सुटताना तिची आई, शैलाताई, न्यायला थेट गच्चीवर आल्या. त्यांनी लेकीभोवती एक चक्कर मारली.

"बाई, ही माझी नाही."

"अहो, शंभर टक्के तुमचीच आहे."

"तेच म्हणते मी. शंभर टक्के ती कधीच नव्हती. एका हाकेत आली, वाद नाही, तोंड वाकडं नाही. बाकीची कुठाय माझी पोर?"

मी धावत जाऊन मोरीजवळ टाकलेला गाळण कागद आणला. त्यावर चमचाभर मातकट गाळ होता. त्याला भाजलेल्या शेंगदाण्यांचा, घामाचा आणि भांडणाचा वास येत होता. शैलाताईंनी तो हुंगला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हीच ती. मिसळा परत."

"ताई, विचार करा," साहेब म्हणाले. "अख्ख्या तालुक्यात अशी मुलगी नाही."

"मग तालुक्याला दुसरी शोधा हो. मला माझी द्या."

"मिसळते," मी म्हणाले, "पण आधीच सांगते, हे विरघळायचं नाही. याला निलंबन म्हणतात. ढवळलं की पसरतं, स्वस्थ राहिलं की तळाशी बसतं. रोज ढवळावं लागेल."

गाळ तांब्याभर पाण्यात कालवून हेमांगीला पाजला. तिच्या काचेसारख्या गळ्यातून तो उतरताना आम्हा सगळ्यांना दिसला. पोटातून, गुडघ्यांतून सावकाश खाली गेला आणि पावलांत जाऊन बसला.

"धन्यवाद, आई," ती म्हणाली.

शैलाताईंचा चेहरा पार उतरला. पण त्यांनी पदर खोचला. "ढवळायचंच ना? रोज सकाळी दुसरं काय करते मी?"

त्यांनी लेकीचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले. "हेमे! ऊठ गं कार्टे, सात वाजले!"

पावलांतून मातकट ढग उठला. तो गुडघ्यांवरून चढला, पोटात गरगरला, हातांच्या बोटांपर्यंत पसरला. टाकी दिसेनाशी झाली. साहेब टोपी काढून उभे होते. ढग गळ्यापाशी आला, गालांवर आला आणि हेमांगीचे डोळे घट्ट मिटले.

"पाच मिनिटं गं, आई," ती करवादली आणि आईचा हात झटकून तिनं कूस वळवली, उभ्या उभ्याच.