बिस्किटांचं आरमार

सावंतकाकांच्या मते अमेरिका आजवर एकही युद्ध हरलेली नाही. ती फक्त लवकर घरी आली.

हे ते दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत, पाण्याच्या टाकीशेजारच्या बाकड्यावर बसून रोज संध्याकाळी सांगतात. आधी चार ग्लुकोज बिस्किटं मांडतात. ही विमानवाहू जहाजं. समोर खारीचा चुरा, हा शत्रू. पाच मिनिटांत मुंग्या येतात आणि शत्रू सोडून आरमारच उचलायला लागतात. काका शांत. "नेऊंदेत. ही माघार न्हय, सामान हलवतत. समजला मा?"

"आणि व्हिएतनाम?" मी विचारते.

"थंय पाऊस. कपडे सुकत नाय."

"अफगाणिस्तानात वीस वर्षं राहून हात हलवत परत आले, त्याचं काय?"

"वीस वर्सां रवले ना? आमच्या बिल्डिंगीत भाडोत्र्याक अकरा म्हयन्यांवर ठेवणत नाय."

मी युद्धविरोधी पत्रकं लिहिते आणि स्टेशनबाहेर वाटते. हा माणूस मला सहन होत नसे. बॉम्ब टाकणाऱ्यांची वकिली करायची तर करा, पण कोणासमोर? शेजारी गायकवाडकाका बसलेले असतात. दोघं विक्रोळीच्या कारखान्यात तीस वर्षं एका पाळीत होते. गेटवरची पत्रकं गायकवाडकाका लिहायचे. मलाही त्यांनीच शिकवलं: "वाक्य छोटं ठेव, शत्रू मोठा." मे महिन्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, पण आताच बाहेर काढले नाहीत तर आतच राहतील. काकू एका हाकेची वाट बघतायत. आणि उत्तर देता न येणाऱ्या या माणसाला पकडून सावंतकाका महासत्तेची आरती ओवाळतात. आमच्या भाषेत याला दडपशाही म्हणतात.

म्हणून गायकवाडकाकांच्या वतीने मी बोलायला लागले. रोज कात्रणं घेऊन.

गेल्या मंगळवारी सावंतकाकांनी कहर केला. "जेचा लष्कर मोठा तो जिंकता. बारक्यान गप रवाचा. ह्यात चर्चा कसली?"

गायकवाडकाकांचा चेहरा लाल झाला. ओठ थरथरले. बिस्किटांकडे बोट उचललं. मी तुटून पडले. रणगाडा गाव घेईल, पण गावाला नळाचं पाणी सोडेल का? बाहेरून आलेल्याला कधी तरी परत जायचं असतं, तिथल्याला कुठेच जायचं नसतं. हजारो मैलांवर डबे पोचवण्यातच अर्धी ताकद संपते. भाजी घेऊन चाललेल्या दोन बायका पिशव्या खाली ठेवून ऐकत राहिल्या.

गायकवाडकाकांचा हात मांडीवर परत आला. ओठ मिटले.

"कित्याक बोललंस गो चेडवा?" सावंतकाकांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तो बोलूक लागलेलो."

त्यांनी खिशातून माझंच पत्रक काढलं. घड्यांवर मऊ पडलेलं, पेन्सिलीने रेघा मारलेलं.

"ह्यातला सगळा माका पाठ आसा. पटता पण. पण मी बरोबर बोललंय तर ह्यो मान हलवता नि गप रवता. खोटा तेका सहन होत नाय. म्हणान उलटा बोलतंय."

दुसऱ्या दिवशी मी जीभ दाताखाली धरून बसले. सावंतकाकांनी चार जहाजं मांडली. "काबूल सोडल्यानी, ता विमानाचो टायम चुकान नये म्हणान."

माझ्याकडे पाच उत्तरं होती. गिळली.

गायकवाडकाकांचं बोट उठलं. मुंग्यांनी एका जहाजाचा कोपरा नेला, तरी ओठ हलतच होते. सावंतकाका मुद्दाम टाकीकडे बघत बसले.

"ह... हर... ले."

"कोण?" सावंतकाकांनी दरडावून विचारलं, आणि पुड्यातून पाचवं जहाज काढून समुद्रात सोडलं.