मांड्यांसाठी नाशिकचं पाणी

आमच्या पंचवटीतले नाना शिट्टी वाजवून पोळ्या शिकवतात. खरीखुरी, दोरीत ओवलेली शिट्टी. जन्मभर शाळेत पीटी शिकवली. निवृत्तीनंतर मैदान सुटलं, शिट्टी गळ्यातच राहिली. एक शिट्टी म्हणजे कणीक मळा. दोन म्हणजे पोळी उलटा. लांबलचक वाजली तर समजावं, दूध उतू गेलं.

दर सुट्टीत नाना ओवी आणि अर्णव या नातवंडांना घेऊन सहलीला निघतात. गाडी माझी, डिझेल त्यांचं, आणि शेजारधर्म म्हणून ड्रायव्हरही मीच. सहल म्हणजे किल्ला नाही, देऊळ नाही, हॉटेल तर नाहीच. थेट नातेवाइकांचं स्वयंपाकघर! "पाहुण्यानं बसून खायचं नसतं, करून खायचं असतं!" अशी गर्जना करत नाना आत शिरतात आणि घरची बाई कपाळाला हात लावते. कळवणच्या मावशींकडे पोरं भाकरी थापायला शिकली. अर्णवची पहिली भाकरी बघून मावशी म्हणाल्या, "हा कोणत्या तालुक्याचा नकाशा रे?"

फक्त देवळ्याचा फाटा आला की नाना खिडकीची काच वर करायचे आणि झोपेचं सोंग घ्यायचे. कारण देवळ्याला त्यांची थोरली बहीण राहते.

झालं होतं असं. ताईंच्या मुलीचं लग्न. ताई पहाटेपासून खापरावर मांडे करत होत्या. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायची. हे काम येरागबाळ्याचं नाही. आणि नानांनी भरपंगतीत विचारलं, "ताई, एवढा जाड! हा मांडा की सतरंजी?"

पंगत हसली. ताई हसल्या नाहीत. "मग नको खाऊस," म्हणाल्या. नानांमधला पीटी मास्तर खवळला. "यापुढे तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही!"

तेव्हापासून ना फोन, ना भाऊबीज.

या उन्हाळ्यात ओवीनं हट्टच धरला. "नाना, मांडे शिकायचेत. कुणाला येतात?" घराण्यात मांडे येणारी एकच बाई, आणि तिचा खांदा दुखतो, आता ती खापर कायमचं उतरवणार, असं कानावर आलेलं. दोन दिवस नानांची शिट्टी वाजली नाही. तिसऱ्या दिवशी ते पाण्याचा भलामोठा कॅन घेऊन माझ्या गाडीपाशी उभे.

"हे कशाला?"

"शपथ पाण्याची आहे, मांड्यांची नाही. पीठ नाशिकच्या पाण्यात भिजलं की मांडे आपल्याच घरचे!" वकील व्हायचा माणूस पीटीत वाया गेला, दुसरं काय!

देवळ्यात ताईंच्या दारी गाडी लिंबाखाली लावली. नाना उतरले नाहीत. पोरं पळत आत गेली आणि मी कॅन उचलून मागोमाग.

"तो कुठंय?" ताईंनी विचारलं.

"गाडीत," ओवी म्हणाली. "आणि आजी, पीठ या पाण्यात भिजवायचं. नानांनी सांगितलंय."

ताईंनी कॅनकडे बघितलं. मग माझ्याकडे. बोट ओठांवर ठेवलं, कॅन ओढत गोठ्यात नेला आणि म्हशीपुढे रिकामा केला. पीठ भिजलं ते त्यांच्या विहिरीच्या पाण्यात.

पुढचे दोन तास नुसती धमाल. गाडीतून शिट्टी वाजायची आणि आतून ताई ओरडायच्या, "त्याले सांग, हे मैदान नाय!" अर्णवचा मांडा हातावरच फाटून पुरण कोपरावरून ओघळलं. ओवीचा मात्र चौथा मांडा खापरावर अलगद उतरला. ताईंनी दुखऱ्या हातानं तिची पाठ थोपटली आणि पहिला घास कुणाला द्यायचा हे न सांगता ताट तिच्या हाती दिलं. ती थेट गाडीकडे पळाली.

नानांनी गाडीत बसून मांडा तोडला. खाल्ला. डोळे मिटले. मी देवाचा धावा करत होतो. तेवढ्यात ताई स्वतःच बाहेर आल्या, खिडकीशी उभ्या राहिल्या.

"कसा शे मांडा?"

"पातळ आहे," नाना ताटाकडे बघत म्हणाले. "तेव्हाही पातळच होता."

ताईंनी पदरानं हात पुसले. बराच वेळ पुसत होत्या.

"तुझं पाणी म्हशीला पाजलं," शेवटी म्हणाल्या. "तू खातोय ते माझ्या विहिरीच्या पाण्यातलं शे."

नानांचा घास तोंडातच थांबला. ओवी माझा हात घट्ट धरून उभी. नानांनी हातातल्या मांड्याकडे बघितलं, तो घास गिळला, आणि म्हणाले, "ताई, ठसका लागलाय. पाणी दे."

ठसका लागलेल्या माणसाला इतकं सरळ वाक्य बोलता येत नाही, पण ताई लगबगीनं तांब्या आणायला आत गेल्या.

बराच वेळ झाला, त्या बाहेर आल्या नाहीत. आतून भांड्याचाही आवाज नाही. मग नानांनी ताट माझ्याकडे दिलं, गाडीचं दार उघडलं, आणि ताईंच्या दारातल्या ओट्याखाली चपला काढल्या.