चांगुणाबायचं शास्त्र

कळव्याच्या चांगुणाबाय सुईणीने मला पाच महिने फसवलं. मला! डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहत मी मिठागराचा मालक झालो. माझ्याशी सौदा करायचा म्हटलं की भिवंडीचे व्यापारी घरून पोटभर जेवून निघतात.

माझी सून यमुना गरोदर होती. आधी दोनदा तिचं पोट पडलेलं, त्यामुळे घर धास्तावलेलं. चौथ्या महिन्यात बाय आली. ठेंगणी, तोंडात पान, आल्या आल्या दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातली मडकी उघडून बघायची खोड. आधी तिने सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शेठ, घरान पुरुष वरडला का पोर मुकं होतं. मंग मना बोल लावू नको."

'मंग मना बोल लावू नको' हे तिचं पालुपद. ते ऐकलं की भलेभले गार पडत. गरोदर बाईने कमी खावं, नाहीतर पोर वाढून अडतं, असं आमच्या हिचं मत. बाय म्हणाली, "कमी खाल्लं का पोर आतून आईला खातं." जात्यावर बसवलं तर पोराला चक्कर येते. दुपारी निजू दिलं नाही तर पोर डोळे मिटायला शिकत नाही. ग्रहणात सगळ्या गावाच्या गरोदर बाया कोरड्या घशाने कोपऱ्यात बसल्या आणि आमची यमुना घटाघटा पाणी प्यायली, कारण नाहीतर पोराची टाळू सुकते!

आणि मी? मी कुजबुजत होतो. एक व्यापारी सौद्याला आला. मी त्याच्या कानाशी लागून भाव सांगितला. तो हळहळला. "शेठ, ज्येष्ठमध चघळा," म्हणाला आणि स्वतः ठरवलेल्या भावाने माल घेऊन गेला.

नववा भरला. भर दुपारी बायने दार लावून घेतलं आणि थोड्या वेळाने आतून असा टाहो आला की खाडीतल्या नावाड्यांनी माना वळवल्या. मुलगी! आवाज थेट माझा! मी अंगणात उभा राहून पाच महिन्यांचं तुंबलेलं सगळं एका दमात ओरडून घेतलं. गाव गोळा झालं. प्रत्येकाच्या हातावर मी गूळ ठेवला.

बारशाच्या सामानाला ठाण्याला गेलो, तेव्हा टेंभी नाक्यावरच्या वैद्यांना सहज विचारलं. ते पोट धरून हसले. "असं कुठल्याच ग्रंथात नाही हो!"

मी तडक बायच्या झोपडीवर. एकटीच राहायची. दारात जाळं तुणत बसली होती.

"कुठल्या शास्त्रात लिहिलंय गं, ओरडल्यावर पोर मुकं होतं?"

"शास्त्रान नाय. तुजी सून तुजा आवाज आयकला का हातातला घास खाली ठेवते. मी बघितलंय."

"मग तसं सांगायचं!"

"तुना 'गप बस' बोलली असती, बसला असतास?"

सौद्यात अशी जागा आली की मी पान मागतो. तिने दिलं.

मग आठवलं. माझ्या मिठागरातल्या बाया दिवस गेले की टोपली उचलत नाहीत. डोक्यावर मीठ घेतलं तर पोर विरघळतं म्हणतात. "तेही तूच उठवलंस ना?"

तिचे हात थांबले. "ते खोटं नाय, शेठ."

तिने पदर मागे सारला. टाळूवर हाताएवढ्या जागेत केस नव्हते. "सातवा व्हता. मिठाचा पडाव भरायचा व्हता, पाणी उतरत व्हतं, व्हडी चिखलान रुतली असती. मुकादमानं टोपली उचलून दिली. घरी येस्तवर काय रायला नाय. मंग परत दिवसच नाय गेले." मग हसली. "पन आता या गावान कोन गरोदर बाईला टोपली उचलून देतं का बघ. कोनाची छाती नाय."

खरंच नाही. माझीही नव्हती.

"कुणाचं मिठागर?" मी विचारलं. तिने सांगितलं नाही. माझ्या सुनेला तेल लावायची वेळ झाली म्हणून उठली.

तिने सोडून दिलं असेल, मी सोडणार नाही. या खाडीकाठचा एकेक मालक आणि मुकादम मला ठाऊक आहे. ती टोपली उचलून देणारा असो, नाहीतर त्याचा मुलगा असो, त्याने माझ्यासमोर यावं आणि सांगावं: एक पडाव एक ओहोटी थांबला असता, तर तुमचं काय बुडणार होतं?