तेहतीस गुणांचा पंखा

झाशीतल्या मराठी घरांमधलं एकही लग्न गोविंदरावांनी पत्रिका पाहिल्याशिवाय ठरत नसे. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर तर त्यांचा हात इतका बसला, की त्यांनी बोटीच्या इंजिनाचीही पत्रिका मांडली!

बोट जुनीच, गावातल्या लक्ष्मी तालावर, म्हणजे तळ्यावर, मंडळींना हिंडवायला हौसेने घेतलेली. तिच्या मागे लटकवायचं इंजिन होतं आणि त्याच्यासोबत आलेला, पाणी कापून बोट ढकलणारा छोटा पंखा. गोविंदरावांनी इंजिनावरच्या पाटीवरून जन्मतारीख घेतली, जन्मवेळ कारखान्याच्या भोंग्याची धरली आणि पंख्याशी गुण जुळवले. नऊ! वर नाडीदोष. मग त्यांनी कानपूरहून भलामोठा पितळी पंखा पैदा केला. त्याचे तेहतीस आले.

"असं स्थळ शोधून सापडायचं नाही," ते बायकोला म्हणाले.

शारदाबाईंच्या मनात वेगळंच स्थळ होतं. लेकीचं, देविकाचं, पार्थशी ठरत आलेलं लग्न याच माणसाने अकराच गुण जुळले म्हणून मोडलं होतं. चार महिने झाले, पोरगी दुसऱ्या कुणाचं नाव ऐकून घेत नव्हती. आणि पार्थचाच झाशीजवळ बिजौलीत इंजिनं दुरुस्त करायचा कारखाना, त्यामुळे पंखा बसवायला बोलवावं लागलं त्यालाच.

पार्थने पंखा हातात तोलून पाहिला. "काकाजी, इंजिनाला हा झेपणार नाही. त्याच्या ताकदीला बेताचाच पंखा लागतो."

"तेहतीस गुण आहेत," गोविंदराव म्हणाले. विषय संपला. पार्थने पंखा बसवला आणि जुना आपल्या पिशवीत टाकला.

रविवारी सकाळी घाटावर त्यांची निम्मी प्रेम नगर वस्ती जमली. बोटीत नवराबायको, देविका आणि पार्थ असे चौघं बसले. बोट चालली की फोडायचा म्हणून शारदाबाईंच्या मांडीवर नारळ. इंजिन सुरू झालं, कण्हलं, काळा धूर ओकत दोन हात सरकलं आणि बंद पडलं. तीनदा तेच. गोविंदराव म्हणाले, होरा चुकला. होरा बदलेपर्यंत सगळे उन्हात थांबले. चौथ्यांदाही धूरच!

"काए दद्दा," घाटावरून कुणीतरी विचारलं, "नाव चल रई कै चाय उबल रई?"

पार्थने पिशवीतून जुना पंखा काढला. नाडीदोष आहे, बुडालो तर जबाबदारी तुझी, असं बजावून गोविंदरावांनी तोंड फिरवलं. दहा मिनिटांत पंखा बदलला आणि बोट अशी सुटली, की त्यांची टोपी मागेच राहिली. घाटावर टाळ्या पडल्या.

देविका वडिलांजवळ सरकली.

"बाबा, ह्या पंख्याचे किती होते?"

"नऊ," ते पाण्याकडे बघत म्हणाले.

"हमारे तो ग्यारह हैं, बाबा."

बोट तालाच्या मध्यावर आली. मग गोविंदरावांनी खिशातलं पेन काढलं.

"पार्थ, तुझी जन्मवेळ कुणी टिपली होती रे? दवाखान्यात? छे, तिथली घड्याळं पुढे असतात. पत्रिका पुन्हा मांडून बघायला हवी."

शारदाबाईंनी तिथेच बोटीच्या काठावर नारळ फोडला.