मशीनचा घास

नवसाबाईंना कचऱ्याची बादली घेऊन जिना उतरायला लागू नये, म्हणून महेशने इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये सिंकखाली कचरा दळायचं मशीन बसवून घेतलं. पोराने हौसेने आणलेली वस्तू आईने वापरायची नाही, हे नवसाबाईंच्या हातून होणं शक्य नव्हतं. अडचण एकच होती. त्यांच्या स्वयंपाकघरात कचराच होत नसे.

जन्म गेला गिरणारे गावच्या भाजीच्या मळ्यात. दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची, कोबीचा दांडा भाजीत जायचा, शिळ्या पोळीला सकाळी फोडणी मिळायची. उरायचा तो शेवग्याच्या शेंगांचा चोथा, आणि मशीन बसवणाऱ्या कुंदनने नेमका तोच वर्ज्य सांगितला होता.

"काकू, दोरे आत गुंडाळतात. बाकी काहीपण टाका, पण रोज चालवा हां. बंद राहिलं की जाम होतं."

आणि ते झालंच. बटण दाबलं तर मशीन नुसतं घुमायला लागलं. कुंदनने येऊन खालून चावी फिरवली, आत बॅटरी मारून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "काकू, हे तर उपाशी आहे!"

महेशचा चेहरा उतरला. "आई, तुला आवडलं नाही का गं?"

"आवडलं रे बाबा. लय गुणाचं हाय," नवसाबाई म्हणाल्या, पण त्याचा तो चेहरा त्यांच्या जिवाला फार लागला.

दुसऱ्या दिवशी महेश आणि सुवर्णा, दोघं नवराबायको कामावर गेल्यावर त्यांनी शेजारच्या रोशनीकडून तिचा ओला कचरा मागून आणला. पिशवी उघडली तर आत अर्धी जुडी मेथी आणि फ्लॉवरचा कोवळा पाला! नवसाबाईंनी सगळं निवडून धुतलं, थालीपीठं लावली आणि दोन रोशनीकडेही पाठवली. मशीनच्या वाट्याला तीन पिवळी पानं आली.

शेवटी त्यांनी मन घट्ट केलं. फ्रिजमधून चांगली काकडी काढली, सिंकपाशी उभ्या राहिल्या, पण हात पुढे होईना. डोळ्यांत पाणी आलं.

"आई, काय करतेस?" महेश लवकर घरी आला होता. हातातली पिशवी त्याने पाठीमागे लपवली होती.

"तुला बरं वाटावं म्हून याला घास घालत व्हते. आन तुझ्या हातात काय?"

महेश ओशाळला. "ज्यूसवाल्याकडून संत्र्याची सालं आणलीत. मशीन चाललं की तुला बरं वाटेल म्हणून."

नवसाबाईंनी साल हुंगलं. "अरे, ही तर वाळवून उटण्याला व्हत्यात!" म्हणून लगेच गॅलरीत पसरून आल्या.

महेश मटकन खुर्चीत बसला. "आई, काढून टाकू का ते मशीन?"

"टाकू?" नवसाबाईंना धक्काच बसला. "नवं कोरं, चालतंबोलतं मशीन टाकून द्यायचं?"

"मग त्याला घालायचं काय?"

नवसाबाईंनी सिंकपाशी राहिलेली काकडी परत फ्रिजमध्ये ठेवली.

"सुवर्णाच्या माहेरच्यांना जेवाय बोलव," त्या म्हणाल्या. "ती मानसं पानात लय टाकत्यात."

पर्स खांद्याला लावून सुवर्णा दारातच उभी होती.