गुरुजींच्या खुर्चीवरची चिठ्ठी

शिकवण्यात माझा हात धरील असा मास्तर अख्ख्या कर्जत तालुक्यात नव्हता! हे मी एकटाच म्हणत होतो असं समजू नका. आणखी दोघंतिघं म्हणत असत. फक्त त्यांना आधी चहा पाजावा लागे. त्यामुळे नगरच्या एका ट्रेनिंग कॉलेजचं पत्र नेमकं आमच्याच शाळेला आलं, याचं मला काडीइतकं नवल वाटलं नाही.

साल अठ्ठेचाळीस. गाव निंबोळवाडी, मिरजगावपासून तीन मैल आत. मी दत्तोपंत खर्डेकर, तिथला एकुलता एक मास्तर. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. पहिली ते चौथी आत सभामंडपात आणि बिगरी बाहेर पडवीत. बिगरी म्हणजे पहिलीच्याही आधीचा वर्ग, सत्तावीस चिमुरडी, त्यांत अकरा मुली. पडवी अशी गळायची की पावसाळ्यात मुलांच्या पाट्या आपोआप पुसल्या जात. स्कूल बोर्डानं कळवूनच टाकलं होतं, की दिवाळीपर्यंत बिगरीला धड जागा मिळाली नाही तर वर्ग बंद करावा. वर्ग बंद झाला की त्या अकरा मुली धाकटी भावंडं काखेत मारून घरी बसणार आणि पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाहीत, हे मला दिसत होतं. मी बढाईखोर असेन, पण त्या पोरींचा मला लळा होता. झोप लागत नव्हती.

आणि अशात हे पत्र! कॉलेज आणि खेड्यातली शाळा यांनी जोडीनं लहान मुलांना वाचायला शिकवायचं, अशी योजना निघाली होती. रीत कॉलेजची, मुलं आमची. जमलं तर सरकारी ग्रँट. त्या ग्रँटमधून बिगरीला एक पक्की खोली आणि वेगळी शिक्षिका! दसरा झाला की प्रोफेसर शरच्चंद्र मुळे स्वतः येऊन मुलांचं वाचन बघणार आणि ग्रँटची शिफारस करायची की नाही ते ठरवणार.

रीत सोपी होती. कॉलेजनं एकसष्ट कोऱ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या धाडल्या होत्या. त्यांवर ठसठशीत अक्षरांत वस्तूंची नावं लिहायची आणि ज्या त्या वस्तूला चिकटवायची. मूल वस्तू बघेल, शब्द बघेल, आणि शब्दांतून हळूहळू अक्षरं ओळखू लागेल. गावानं त्यांना चिठ्ठ्या म्हणायला सुरुवात केली. आमच्या नीलांबरीनं म्हणजे मंडळींनी कणकेची खळ करून दिली आणि मी गाव चिकटवत सुटलो. ओट्याला ‘ओटा’, म्हाताऱ्या लंकाबाईच्या जात्याशेजारच्या भिंतीला ‘जातं’, लोकल बोर्डानं खणलेल्या विहिरीला ‘विहीर’, चावडीपुढच्या दगडाला ‘दगड’, शाळेमागच्या कचऱ्याच्या खड्ड्याला ‘खड्डा’, गाभाऱ्याच्या दाराला ‘मारुती’. पुंजाराम कुंभाराच्या गाढवाच्या गळ्यातसुद्धा एक चिठ्ठी बांधली. माझ्या खुर्चीला खरं तर ‘खुर्ची’ लावायची, पण मी तिथं ‘गुरुजी’ लावली. खुर्ची काय, कुठंही बघायला मिळते.

महिनाभरात मुलं तयार! ओट्यापुढं नेलं की ‘ओटा’, विहिरीपाशी नेलं की ‘विहीर’. गाढवाजवळ तर इतक्या जोरात की ते बिचारं दावं तोडायला बघे. मी घरी येऊन नीलांबरीला म्हटलं, ग्रँट खिशात आली म्हणून समज.

तिनं भाकरी थापता थापता विचारलं, ‘‘अहो, एकदा चिठ्ठ्या जागच्या हलवून बघितल्यात का? मुलं चिठ्ठी वाचतात की विहीर बघून विहीर म्हणतात?’’

मी हसलो. तिचं शिक्षण मराठी पाचवी, माझं सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, तेही पहिल्या फटक्यात. म्हटलं, ‘‘अगं, हे शास्त्र आहे. ते पाचवीला नसतं.’’

ती गप्प बसली. बायको गप्प बसली म्हणजे आपण जिंकलो, असं मी समजत असे. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तरीही.

तिचं तसं बरं चाललं होतं म्हणा. दुपारी गावातल्या आठदहा बायका आमच्या मागल्या अंगणात जमायच्या. काहीतरी कुजबुज चालायची, मधूनच हसण्याचा फवारा उडायचा. मी ओसरीवरून ‘चहा’ म्हणायचो आणि चहा यायचा. यापलीकडं मागल्या अंगणात डोकावण्याची मला कधी गरज वाटली नाही.

साहेब येणार म्हटल्यावर काकासाहेब पाटलांनी हुकूम सोडला, की गाव लखलखीत दिसलं पाहिजे. हे काकासाहेब म्हणजे सकाळी ओट्यावर बसले की संध्याकाळी उठणारे गृहस्थ. पण हुकूम बसूनही सोडता येतो. बायकांनी आदल्या दिवशी घरोघर शेणानं सारवलं, भिंतींवर पांढऱ्या मातीचं पोतेरं फिरवलं. आता भिंत सारवायची म्हणजे चिठ्ठी काढायला हवी. आणि लिहिलेला कागद म्हणजे सरस्वती. तो जमिनीवर ठेवायचा नाही, पाय लागला तर नमस्कार करायचा. म्हणून सगळ्या चिठ्ठ्या एका सुपात गोळा करून मारुतीपुढं ठेवल्या गेल्या आणि भिंती वाळल्यावर पुन्हा लावल्या गेल्या.

हे मी नंतर ऐकलेलं सांगतोय. मी त्या वेळी मिरजगावला होतो. पाहुण्यांना सर्व्हिस मोटारीवरून उतरवून घ्यायचं, हार आणायचा, छकडा ठरवायचा, अशी कामं होती. मुक्काम तिथंच केला आणि सकाळी प्रोफेसरसाहेबांना घेऊन थेट गावात दाखल झालो. वाटेत तीन मैल मी त्यांना स्वतःविषयी माहिती दिली. ते छकड्याची दांडी घट्ट धरून ऐकत होते.

वेशीवर मुलं रांगेत उभी होती. बायका एका बाजूला डोक्यावर पदर घेऊन. पहिला मुक्काम पाटलांचा ओटा. काकासाहेब नवा फेटा बांधून आपल्या जागी बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीला चिठ्ठी.

मी छडी उंचावली. मुलं ओरडली, ‘ओटा!’

प्रोफेसरांनी चष्मा वर केला, चिठ्ठीजवळ गेले, मग काकासाहेबांकडं बघितलं, मग पुन्हा चिठ्ठीकडं. मी पुढं होऊन पाहिलं. चिठ्ठीवर ‘दगड’ लिहिलं होतं. काकासाहेब अंगठेबहाद्दर. त्यांनी मला हळूच विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, ओटा. ते खूष झाले.

एखादी चिठ्ठी चुकायचीच, असं म्हणून मी वरात विहिरीकडं नेली. मुलं ओरडली, ‘विहीर!’ चिठ्ठीवर ‘खड्डा’! प्रोफेसरांनी वाकून आत पाहिलं. आत पाण्याचा थेंब नव्हता. खणल्या दिवसापासून नव्हता. ते पुटपुटले, ‘‘तसं चूक म्हणता येणार नाही.’’

मी वरात घाईनं पुढं रेटली. लंकाबाईच्या घरात मुलं जात्याकडं बोट करून ‘जातं!’ म्हणाली, भिंतीवर ‘मारुती’. देवळाच्या पडवीत मुलं ‘पडवी!’ म्हणाली, तिथं ‘विहीर’. आणि शेवटी माझी खुर्ची! मला थांबवायचं होतं, पण मुलांना हाच शब्द सगळ्यांत प्रिय. सत्तावीस गळ्यांतून एकदम आवाज निघाला, ‘गुरुजी!’

खुर्चीच्या पाठीवर अगदी मधोमध, सरळ रेषेत, ठसठशीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘गाढव’.

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मऊ आवाजात म्हणाले, ‘‘खर्डेकर, मुलं वाचत नाहीत. जागा ओळखतात. मला तसंच लिहावं लागेल.’’

झालं! खोली गेली, शिक्षिका गेली, बिगरी गेली. पुढच्या रांगेतल्या त्या अकरा पोरी माझ्याकडं बघून हसत होत्या, शाबासकीची वाट बघत होत्या. मला रडू यायच्या बेतात होतं. आणि माणसाला रडू आलं की तो दुसऱ्याला दोष देतो, तसाच मीही दिला. म्हटलं, साहेब, यात मुलांचा दोष नाही, माझा तर नाहीच नाही. या अडाणी बायकांनी सारवताना चिठ्ठ्यांची खिचडी केली. त्यांना अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!

बायकांत चुळबूळ झाली आणि लंकाबाई पुढं आली. साठीची म्हातारी, नवऱ्यामागं एकटीनं वीस एकर कोरडवाहू कसलेली. आवाज चढवायची तिला कधी गरज पडत नसे.

‘‘खिचडी न्हाई केली, मास्तर,’’ ती म्हणाली. ‘‘वाचून लावल्यात.’’

प्रोफेसर वळले. मी म्हटलं, साहेब, म्हातारीचं मनावर घेऊ नका. पण त्यांनी मला हातानंच थांबवलं. एका मुलीची पाटी घेतली आणि तिच्यावर असा शब्द लिहिला, जो एकसष्ट चिठ्ठ्यांत कुठंच नव्हता. पाटी लंकाबाईपुढं धरली.

तिनं पाटी डोळ्यांपासून लांब नेली, पुन्हा जवळ आणली. अक्षरावर बोट ठेवलं. मारुतीची घंटासुद्धा कुणी वाजवली नाही.

‘‘ग,’’ ती म्हणाली. मग बोट सरकलं. ‘‘ड. गड.’’ आणि वर बघून, ‘‘खर्ड्याला हाय त्यो? म्या बगितलाय.’’

प्रोफेसर तिथंच जमिनीवर बसले. ताज्या सारवलेल्या जमिनीवर, धुतल्या धोतरानिशी! त्यांनी विचारलं, आजी, हे कधी शिकलात? तिनं सांगितलं, की रोज पहाटे दळायला बसलं की डोळ्यापुढं ती चिठ्ठी. नातू दिवसभर ‘जातं, जातं’ ओरडायचा आणि पळून जायचा. पण जातं ओढणारीला पळता येत नाही, म्हणून ती अक्षरं बघत बसली. अडलं तर दुपारी विचारायची सोय होती. मागं उभ्या रतनबाईचं तसंच, छबूबाईचं तसंच.

‘‘मग वाचता येत होतं, तर चिठ्ठ्या जागच्या जागी का नाही लावल्या?’’ प्रोफेसरांनी विचारलं.

‘‘दाराला दार म्हनायला चिठ्ठी कशाला पायजे?’’ लंकाबाई म्हणाली. ‘‘जे कुनी बोलत न्हाई, ते लिवायला चिठ्ठी. हिरीला पानी न्हाई, त्यो खड्डाच हाय. पडवी पावसात भरती, तिला आमी हीर म्हनलं. आन जातं... पहाटंच्या पारी आदी त्याच्याच पाया पडतो आमी. त्यो आमचा मारुती.’’

ओट्याविषयी ती काही बोलली नाही. काकासाहेब मात्र तिकडं ओट्यावर अजूनही खुशीत होते.

प्रोफेसर उठले. त्यांनी मान वर करून पडवीचं छप्पर पाहिलं. भोकांतून ऊन खाली पडलं होतं. मग खिशातून वही काढून उभ्याउभ्याच लिहायला लागले आणि लिहीत असताना मोठ्यानं वाचून दाखवलं. पद्धत यशस्वी आहे. मुलांच्या आधी आयांना आणि आज्यांना वाचायला आलं आहे, आणि ज्या घरात आजी वाचते त्या घरातलं मूल फार दिवस मागं राहणार नाही. मुलांच्या चिठ्ठ्या दर शनिवारी हलवाव्यात. खोली आणि शिक्षिका, दोन्हींसाठी ग्रँटची शिफारस. वर्ग चालू ठेवावा.

मला पुढचं ऐकूच आलं नाही. मी जवळच्या दोन पोरींना उचलून घेतलं. त्यांना काय झालं ते कळलं नाही, पण गुरुजी उचलून घेतात म्हटल्यावर उरलेली पंचवीसही अंगावर आली. भर सभेत माझी टोपी गेली, ती आजतागायत सापडली नाही!

छकडा निघताना प्रोफेसरांनी विचारलं, की शिक्षिका म्हणून कुणी नजरेत आहे का? मी म्हटलं, खेड्यात कुठून मिळणार, नगरहूनच पाठवा. तेवढ्यात लंकाबाई म्हणाली, ‘‘हाय की गावातच. दुपारी आमाला कोन शिकवतंय मंग?’’ आणि सगळ्या बायकांच्या माना एकदम मागं वळल्या. मागं, खांबाआड, नीलांबरी उभी होती. हाताला वाळलेली खळ.

पाहुणे गेल्यावर मी लंकाबाईला एका बाजूला घेतलं. म्हटलं, बाकी सगळं समजलं. पण खुर्चीवर गाढव? माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं.

तिनं दोन्ही कानांना हात लावले. ‘‘आमी न्हाई ओ, मास्तर. गुरूला आमी असं म्हनू व्हय? ती चिठ्ठी आमच्या सुपात नव्हतीच. ती तुमच्या घरनं आली.’’

मी घरी गेलो. नीलांबरी पाट मांडत होती. तिला दोन शब्द सुनवायचे असं वाटेत ठरवलं होतं, चांगले निवडून ठेवले होते. पण चुलीमागच्या भिंतीकडं माझं लक्ष गेलं आणि ते मी विसरूनच गेलो. सकाळपासून जी चिठ्ठी मला कुठंच दिसली नव्हती, ती तिथं होती. नीलांबरी बसते त्या जागेच्या बरोबर वर. ‘गुरुजी.’

मी मुकाट्यानं जेवलो. भाजी अळणी होती. छान झालीय म्हणालो.

पुढच्या आषाढाच्या आत खोली उभी राहिली. सौ. नीलांबरीबाई खर्डेकर तिथं बिगरीला शिकवू लागल्या आणि ‘गुरुजी’ची चिठ्ठी त्यांच्या फळ्याच्या वर गेली. सत्तावीसची एकेचाळीस मुलं झाली. माझ्या खुर्चीवरची चिठ्ठी मात्र अजून तिथंच आहे. ती निघत नाही. खळ आमच्याकडं दाटच करतात. शिवाय आता बिगरीतलं लहानात लहान मूलसुद्धा ती चिठ्ठी, जागा न बघता, अक्षर अक्षर लावून, अगदी बरोबर वाचतं.